भरल्या डिकीचं अ‍ॅव्हरेज

मामाची गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी. डिझेल, पाच गिअर, वय विशीच्या पुढे. तिचं छप्पर मागे उतरत नाही, सरळ डिकीच्या दारापर्यंत जातं. त्यामुळे ठाण्यात, नौपाड्यातल्या त्याच्या सोसायटीत नवीन आलेले लोक तिला ‘ती लांब गाडी’ म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे असल्या इस्टेट गाड्या रुजल्या नाहीत. टाटांनी १९९२ मध्ये एस्टेट आणली, पुढे इंडिगो मरीना आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, आणि आल्या तशा सगळ्या गेल्या. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाल्यावर तर साडेचार मीटर लांबीची गाडी घेणं म्हणजे जास्तीचा कर भरून डिकी विकत घेण्यासारखंच झालं. मामाची खरेदी त्याआधीची. त्याने ती अजून विकलेली नाही.

डिसेंबरात तीन कामं एकदम निघाली. मामीला विपश्यनेसाठी इगतपुरीला सोडायचं, मुरबाड तालुक्यात टोकावड्याजवळच्या घरी सामान पोचवायचं आणि त्या घरासाठी वाशीच्या मार्केटातून धान्य उचलायचं. मामाचा गुडघा दुखत होता, त्यामुळे स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मी म्हटलं, प्रत्येक टप्प्याला टाकी फुल करायची आणि हिशेब लिहायचा.

“लिही की,” मामा म्हणाला. “पण त्या वेळी गाडीत काय भरलं होतं, तेही शेजारी लिही. नाहीतर तुझा आकडा कशाला खायचा?”

दिवस पहिला : नौपाडा, वाशी, बेलापूर आणि परत

सकाळी आधी वागळे इस्टेटमध्ये, मामाच्या नेहमीच्या मेकॅनिककडे. त्याने बॉनेट उघडलं आणि पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा केला. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात आणि खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. मामाने पावती दाखवली. मेकॅनिकने ती वाचली, बेल्टवर टॉर्च मारला, मगच मान हलवली.

इंजिन १८९६ सीसी, चार सिलिंडर. सिलिंडरचा व्यास ७९.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९५.५. स्ट्रोक एवढा लांब म्हणजे हे इंजिन उड्या मारायला बांधलेलं नाही, ओढायला बांधलंय. ताकद ९० पीएस, ती ४००० आरपीएमला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २१० न्यूटन मीटर, तो मात्र १९०० लाच हातात येतो. आजच्या जाहिरातींपुढे ९० हा आकडा बापुडवाणा वाटतो, पण ठाण्यात ४००० आरपीएमपर्यंत जातं कोण? १९०० पर्यंत सगळेच जातात.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते, १९.५ ला १. पेट्रोल इंजिनात हे गुणोत्तर साधारण दहाच्या आसपास असतं. इथे हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं, स्पार्क प्लग लागतच नाही. दाब जास्त म्हणून त्याच ज्वलनातून काम जास्त निघतं. शिवाय पेट्रोल गाडीत पाय हलका ठेवला की थ्रॉटलची झडप हवेच्या वाटेत आडवी येते आणि इंजिनाची ताकद श्वास ओढण्यातच जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमी-जास्त होतं ते फक्त तेल. ट्रॅफिकमध्ये डिझेल गाडी कमी पिते ती यामुळे. एक गोष्ट मात्र लोक सोयीने विसरतात. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा असते. म्हणजे ‘डिझेल जास्त देतं’ यातलं थोडं श्रेय तेलाचं, सगळंच इंजिनाचं नाही.

तिथून पीयूसी. नळी सायलेन्सरमध्ये घालून मुलाने अ‍ॅक्सिलरेटर दोन-चार वेळा जोरात दाबला, धुराचा दाटपणा मोजला, कागद हातात दिला. गाडी पास. पण डिझेलच्या पीयूसीत धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. आणि या गाडीला नव्या डिझेल गाड्यांसारखा काजळी अडवणारा फिल्टरही नाही. कमी पिते म्हणजे स्वच्छ आहे, असं नाही. एप्रिल २०२०पासून देशभर धुरासाठीचं बीएस-६ मानक आलं, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर उतरलं, आणि फिल्टर-बिल्टरचा खर्च परवडत नाही म्हणून मारुतीने आणि खुद्द स्कोडानेही इथली डिझेल इंजिनं बंद केली. मामाला हे बोललेलं आवडत नाही, पण तो नाकारतही नाही.

रस्ता नेहमीचा: कळव्याचा पूल, विटावा, दिघा, ऐरोली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जी रांग लागते तिच्यात बसून इंजिन बंद करावं की नाही यावर आमचा वाद झाला. जागेवर चालू ठेवलं तर हे इंजिन तासाला साधारण अर्धा लिटर घेतं, एसी लावला तर आणखी वर. पाच मिनिटांच्या रांगेसाठी एवढं काही नाही. पण अशा रांगा दिवसात किती लागतात? मी बंद केलं. मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

वाशीच्या दाणाबंदरात तांदळाची २५ किलोची दोन पोती, तूरडाळ, ज्वारी. हमालाने डिकीचं दार वर उचललं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, एवढी जागा आहे तर एक पोतं अजून घ्या की.” कॉम्बीची डिकी सीट उभी असताना ५४८ लिटर, सीट पाडली की १५१२. पण पोतं ठेवणाऱ्याला लिटरशी घेणं-देणं नसतं. त्याला महत्त्वाचा दाराचा खालचा उंबरा, आणि तो बंपरच्या उंचीवर आहे. त्यामुळे पोतं छातीपर्यंत उचलून आत टाकावं लागत नाही, कमरेवरून सरकवता येतं.

परतताना उगाचच पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत गेलो, म्हटलं थोडं सलग चालवून बघू. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि मधे सिग्नल. सिग्नल लागोपाठ हिरवे मिळाले की काटा हलत नाही. एक चुकला की पुढचे सगळे चुकतात.

संध्याकाळी पंपावर ६० किलोमीटरला ४.६ लिटर बसलं. म्हणजे लिटरला १३. पण एवढ्याशा तेलावर हा हिशेब लंगडाच. डिझेलला फेस येतो, नोझल फेसालाच फसून बंद पडतं, आणि अर्धा लिटर इकडे-तिकडे झालं तरी उत्तर दहा टक्क्यांनी हलतं. म्हणून पहिला कट पडल्यावर मिनिटभर थांबायचं, फेस बसू द्यायचा आणि मग पुन्हा भरायचं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. आम्ही मिनिटभर थांबलो.

दिवस दुसरा : समृद्धीने इगतपुरी, कसाऱ्याने परत

पहाटे माजिवडा सोडलं. खारेगाव, माणकोली, रुंदीकरणाचे बॅरिकेड, गोदामांकडे वळणारे कंटेनर. आमणेला समृद्धी महामार्गावर चढलो. हा आमणे ते इगतपुरीचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर जोडले गेले.

इथे गाडीचा स्वभाव बदलतो. पाचव्या गिअरला, शंभरच्या वेगात, आरपीएमचा काटा दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त टॉर्क तिथेच. चढ आला तरी गिअर खाली टाकावा लागत नाही, पाय थोडा दाबला की गाडी खेचते. शहरात १८०० च्या खाली ती दम नसल्यासारखी वागते, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो जागाच होत नाही. तीच ही गाडी आहे हे पटत नाही.

मी ११० वर नेली. छपरावरच्या रेल्समधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

“ऐकतेस ना? ते तेल चाललंय,” मामा म्हणाला.

खरंच होतं ते. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलं तर वेग दीडपट, अडसर सव्वादोनपट. कारला इथे १२० ची मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून घेतलीच पाहिजे असं कुठे आहे? तरी मी चाचणी म्हणून ११० सोडलं नाही.

मागून मामी म्हणाली, “मला दहा दिवस तोंड उघडायचं नाहीये. निदान आत्ता तरी अ‍ॅव्हरेज सोडून काही बोला.”

मग आम्ही बोगद्याबद्दल बोललो. साडेसात किलोमीटरहून लांब जुळा बोगदा, कसारा घाटाला बगल देऊन सरळ इगतपुरीकडे. ज्या घाटात ट्रकच्या मागे तासभर जायचा, तो काही मिनिटांत संपला. मामीला फार बरं वाटलं, घाटात तिला मळमळतं. मला मात्र घाट न दिसता घाट चढल्याची चुटपुट लागली.

धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या दारात मामीने मोबाइल बंद केला, मामाला औषधांच्या वेळा तिसऱ्यांदा सांगितल्या आणि आत गेली.

इगतपुरीत टाकी भरली: १०६ किलोमीटर, ६.६ लिटर. १६! मामाचं तोंड उतरलं. युरोपात या इंजिनाचा कंपनीचा आकडा शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या जरा वर, म्हणजे एकोणीस-वीसच्या घरातला. टपरीवर चहा येईपर्यंत मी वहीत घाट वजा करून पाहिला. ठाणं समुद्रसपाटीला लागून, इगतपुरी साडेपाचशे मीटरच्या वर. गाडी साधारण १३०० किलो, आम्ही तिघं आणि सामान धरून १५५०. एवढं वजन ५५० मीटर उचलायला सव्वाआठ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे बारा. म्हणजे नुसतं वर येण्याची किंमत ०.७ लिटर. ती काढली तर ५.९ लिटर उरतं आणि अ‍ॅव्हरेज १८ होतं. ११० च्या वेगाला १८. मामाचा चहा गोड झाला.

येताना जुना रस्ता धरला. घाटनदेवीला थांबलो, मग कसारा घाट उतरलो. शेजारून रेल्वे जाते. थळ घाटाचा हा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. रस्त्यावर आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय जवळपास नाही. गिअर टाकलेला असला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की या गाडीचा इंजेक्शन पंप तेल पूर्ण तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. उतारावर न्यूट्रल करून तेल वाचवतो म्हणणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला तेल घेतं, आणि वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

पुढे खर्डी, आटगाव, शहापूर. वेग ७० ते ८०, ट्रकांच्या संगतीने. ठाण्यात १०५ किलोमीटरला ४.६ लिटर. २३ च्या जवळ. रात्री मामाने हा आकडा निदान तीन नातेवाइकांना फोनवर सांगितला. उताराचा उल्लेख कुणालाच केला नाही.

दिवस तिसरा : सामान

या गाडीची खरी परीक्षा आज होती. घेऊन जायचं होतं ते असं: आजीचं शिलाई मशीन, बिडाच्या पायांसकट, पुस्तकांचे खोके, दोन गाद्या, घडीची लोखंडी कॉट, वाशीचं धान्य, आणि मामाला टाकवत नाही असा एक टेबलफॅन.

ऑक्टेव्हियाची मागची सीट पाडायची एक रीत आहे. आधी बसायची गादी पुढे उभी करायची, ती पुढच्या सीटच्या पाठीला टेकते, मग पाठ पाडायची. असं केलं की पाठ त्या खोलगट जागेत बसते आणि तळ सपाट होतो. लोक घाईत गादी न उचलता पाठ पाडतात आणि मग तळ तिरका राहतो म्हणून कंपनीला नावं ठेवतात. मशीन आडवं करून, पाय आधी, असं सरकवलं. पुस्तकांचे खोके अगदी पुढे, उभ्या गादीला चिकटून आणि खाली. वजन मागच्या चाकांच्या पाठी गेलं की गाडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. शेवटी गाद्या वर दाबल्या. सेडानच्या डिकीत सामानापुढे सीटची भिंत असते, इथे नाही. जोरात ब्रेक लावला तर टेबलफॅन थेट माझ्या मानेवर. म्हणून सगळं दोरीने तळाच्या कड्यांना बांधलं. मामाने दोरीला एक गाठ मारली, ती नंतर सुटता सुटेना.

मग हवा. तेलाच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर आहे: कमी माणसं असताना किती, पूर्ण भरल्यावर किती. पुढच्या चाकांत थोडाच फरक, मागच्या चाकांत बराच. पंपावरचा मुलगा न विचारता चारही टायरमध्ये सारखीच हवा भरत होता, त्याला थांबवून स्टिकर दाखवला. त्यालाही तो तिथे असतो हे नवीन होतं. टायर १९५/६५ आर १५, हवा कमी आणि वजन जास्त असं झालं की बाजू दबते, टायर तापतो आणि तेल त्या उष्णतेत जातं.

आम्ही दोघं आणि अंदाजे ३०० किलो. भिवंडी बायपास, दुर्गाडीचा पूल, कल्याणची गर्दी, शहाड, मग मुरबाड रोड. गाडी मागून बसली होती, पण डुलत नव्हती. स्पीडब्रेकरवर मात्र तिरकं जावं लागत होतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडायचा, तेवढं एक. चौथ्या-पाचव्यात गेल्यावर वजन आहे हे विसरायला होतं, टॉर्क खालीच मिळतो त्याचा हा फायदा. मुरबाडच्या पुढे सरळगाव, टोकावडे. ७५ किलोमीटर, ४.७ लिटर. १६.

कालचं १६ आणि आजचं १६ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वहीत शेजारी सामान लिहिलं नसतं तर दोन्ही ओळी सारख्याच दिसल्या असत्या. हेच ओझं एखाद्या छोट्या हॅचबॅकमधून न्यायचं तर दोन खेपा. मशीन तरीही दारातून गेलं नसतं. दोन खेपांचे जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, लिटरला १८ धरले तरी साडेसोळा लिटर पेट्रोल. आमचं जाऊन-येऊन साडेआठ लिटरच्या आसपास डिझेल.

शेजारच्या काकांनी हा सगळा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, “छोटा हत्ती केला असतात तर?”

बरोबरच होतं त्यांचं. टेम्पोने एका खेपेत सगळं आणलं असतं, कॉट उभीच्या उभी. मामा म्हणाला, टेम्पोने मामीला इगतपुरीला सोडलं नसतं. काकांनी यावर काही उत्तर दिलं नाही, ते गाठ सोडवायला लागले.

आणखी एक, किलोमीटर-लिटरच्या हिशेबात आपण नेहमी फसतो. १० देणारी गाडी १२ देऊ लागली तर शंभर किलोमीटरला १.७ लिटरच्या जवळपास वाचतं. १८ ची २० झाली तर फक्त अर्ध्या लिटरच्या वर थोडं. दोन्हीकडे ‘दोननं वाढलं’ एवढंच आपण म्हणतो. खिशाच्या दृष्टीने मामाने २३ चं कौतुक करण्यापेक्षा १३ चं १४ कसं होईल ते बघावं. ठाण्यात राहून ते त्याच्या हातात नाही, ही गोष्ट वेगळी.

दिवस चौथा : माळशेज आणि घरी

एवढ्या जवळ आलो म्हणून सकाळी रिकामी गाडी माळशेज घाटात नेली. माळशेज म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो. डिसेंबरात धबधबे नसतात, कडे कोरडे आणि गवत पिवळं. मला आवडला. वर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी बघितलं, कांदाभजी खाल्ली. उतरताना पुढच्या एका गाडीच्या ब्रेकचा जळका वास पार वळणापर्यंत येत होता. मामा काच खाली करून ओरडला, “अहो, गिअरमध्ये उतरवा!” त्यांनी हसून हात केला. त्यांना वाटलं, हा ओळखीचाच कोणीतरी.

दुपारी टोकावड्याहून निघून कल्याणमार्गे ठाणे. दुर्गाडीला अडकलो, माणकोलीला अडकलो. सगळं मिळून १२५ किलोमीटर, ६.६ लिटर, १९ च्या आसपास. एकूण ४७१ किलोमीटर, २७ लिटर. लहान लहान भरण्यांतल्या चुका बेरजेत बऱ्याच कापल्या जातात, म्हणून मी भरवसा ठेवते तो याच आकड्यावर: साडेसतरा. आणि एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या खाती ७० किलो. हेही वहीत लिहिलं. मामाने ती ओळ वाचली, खोडली नाही.

मामीला आणायला परत इगतपुरीला जायचंच आहे. त्या वेळी समृद्धीने जाताना ८५ च्या वर जायचं नाही असं ठरलंय. चढ तोच, माणूस एक कमी, ०.७ लिटरमध्ये थोडा फरक पडेल, तो आधीच काढून ठेवलाय. मागची सीट पाडूनच न्यायची, असं मामाचं म्हणणं. इगतपुरीहून त्याला एक जुना सागवानी दरवाजा आणायचाय, आणि तो डिकीत तिरका बसतो की नाही हे बघायला त्याने काल टेप घेऊन गाडीत आडवं होऊन मोजमाप केलं. बसतोय. दार मात्र बांधून उघडं ठेवावं लागेल, म्हणजे अ‍ॅव्हरेज गेलंच.